वस्तादांचे कान आणि गेटवरची पाटी

अन्याय झाला तो वस्ताद केरबा पोवार यांच्यावर. कधी झाला तेही लिहून ठेवा. यंदाच्या नागपंचमीला, सकाळी सातच्या सुमारास, कसबा बावड्यातल्या एका नव्या सोसायटीच्या गेटवर. वस्ताद सायकलच्या हँडलला दुधाची किटली अडकवून स्वतःच्या घरी परतत होते. घर भाड्याचं, पण रीतसर करार झालेलं. आत पहिल्या मजल्यावर बायको गॅलरीत बसलेली. आणि या माणसाला गेटवर अडवलं, कारण त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

सायकलवर, बरं का. मोटारसायकलवर नाही. वस्तादांची सायकल काळी, दांडीची, बिनगिअरची. चढावर तिच्या शेजारून शेरडं पुढं निघून जातात. देशाचा कायदा अशा वाहनावर हेल्मेट मागत नाही. पण सोसायटीचा कायदा वेगळा असतो. तो करायला लोकसभा लागत नाही, सात माणसं आणि एक पाटी रंगवणारा पुरतो.

आता मी कोण ते सांगते. मी पत्रकं लिहिते. आमच्या गटात पाच जण आहेत आणि कोल्हापुरातल्या सायकलवाल्याला रस्त्यावर माणसासारखी जागा मिळावी, एवढंच आमचं मागणं आहे. मी स्वतः हेल्मेट घालते, बारा महिने. तेव्हा ‘हिला हेल्मेटचं वावडं आहे’ असं कुणी म्हणू नये. पण मी घालते ते माझ्या अकलेनं. दुसऱ्याच्या डोक्यावर ते ठेवून त्याला घरात घ्यायचं की नाही हे ठरवणं, ही अक्कल नव्हे.

वस्ताद मला ‘पत्रकवाली’ म्हणतात. मंगळवार पेठेत आमची घरं समोरासमोर होती. “काय पत्रकवाले, आज कुणाला चीत केलंस?” ही त्यांची सकाळची सलामी.

वस्तादांना ओळखायचं तर कानांपासून सुरुवात करावी लागते. बाकीचे वस्ताद त्या कानांच्या मागून येतात. तालमीच्या मातीत वर्षानुवर्षं घासून पैलवानाचे कान मोडतात, सुजतात आणि मग तसेच घट्ट होऊन बसतात. वस्तादांचा डावा कान सुकलेल्या अंजिरासारखा आहे आणि उजवा आल्याच्या गड्ड्यासारखा. डोकं गुळगुळीत असल्यामुळं हे दोन्ही ऐवज लांबून दिसतात. त्यांचा त्यांना एवढा अभिमान, की एकदा बँकेत ओळखीचा पुरावा मागितला तेव्हा त्यांनी मान वळवून कान काउंटरच्या काचेला लावला.

“घ्या. माझं आधार कार्ड. ह्याची झेरॉक्स निघत न्हाई.”

बँकेतली मुलगी परगावची होती. तिनं सिक्युरिटीला बोलावलं. सिक्युरिटी आला आणि वस्तादांच्या पाया पडला. काम झालं.

कोल्हापुरात हे असंच चालतं. म्हाताऱ्या पैलवानाला रस्त्यात कुणीही वाकून नमस्कार करतं. फक्त तोच माणूस घर शोधायला निघाला की नमस्कार करणारे हात पाठीमागं जातात.

घर शोधायची वेळ आली, कारण आमच्या गल्लीतल्या जुन्या भाड्याच्या खोल्या मालकानं बिल्डरला दिल्या. पावसाळ्याच्या आत सगळ्यांनी जागा सोडायची असं ठरलं. मी एका मैत्रिणीच्या खोलीत घुसले. वस्तादांना मूलबाळ नाही. ते आणि आक्का, दोघंच. आक्का म्हणजे त्यांची बायको. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, का ते पुढं कळेल.

वस्ताद घर बघायला निघाले ते सायकलवरून, आणि मी त्यांच्या मागं माझ्या सायकलवरून. पहिलाच फ्लॅट कॉलेजच्या बाजूचा. एजंट टाय लावून आला होता. पाणी, लिफ्ट, पूर्वेचा दरवाजा, सगळं त्यानं एका दमात म्हणून दाखवलं. वस्ताद शांतपणे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “त्ये ऱ्हाऊ द्या. गेटातनं सायकलवाल्याला आत येताना डोस्कं झाकाय लावतासा काय?”

“नाही म्हणजे... वस्ताद, वास्तू एकदम चांगली आहे.”

“वास्तूचं न्हाई, डोस्क्याचं इचारतोय.”

एजंटानं वॉचमनला विचारलं. वॉचमन म्हणाला, “लावत नव्हतो, पण गेल्या म्हैन्यापासनं लावतोय.” वस्तादांनी किल्ली परत दिली. फ्लॅट बघितलाही नाही.

मला आनंद झाला. खरं सांगते, मला वाटलं, आपल्याला शहरात एक तरी तत्त्वाचा माणूस सापडला! मी त्याच संध्याकाळी पत्रकाचा मजकूर तयार केला. मथळा ‘हेल्मेट सक्तीविरुद्ध पैलवानाचा शड्डू’. वस्तादांनी तो वाचला, चार घड्या घातल्या आणि सायकलच्या डुगडुगणाऱ्या मडगार्डाखाली पाचरीसारखा कोंबला. “आता वाजत न्हाई बघ. लई उपेगाचं लिवतीस.”

मग मी त्यांना हेल्मेट घालून बघायला दुकानातही नेलं. विरोध करायचा तर माहिती घेऊन करावा, असं माझं मत आहे. दुकानदारानं सर्वांत मोठं हेल्मेट काढलं. ते डोक्यावर बसलं. पण सायकलच्या हेल्मेटला दोन्ही बाजूंना पट्ट्यांचे फाटे असतात आणि साध्या माणसाचा कान त्या फाट्याच्या मध्ये मावतो. वस्तादांचा मावेना.

“कान जरा दुमडून घ्या,” दुकानदार म्हणाला.

“त्यो दुमडूनच बसलाय गा चाळीस वर्सं. आता उलगडत न्हाई.”

पुढं एका औद्योगिक वसाहतीतली जागा ऐकून गेलो. तिथं गेटवर मोठ्ठी पाटी, दुचाकी, तीनचाकी, पायी, सगळ्यांना शिरस्त्राण. वस्तादांनी पाटी वाचली आणि पाय न टेकता सायकल तिथल्या तिथं वळवली. मध्ये आणखी तीन-चार घरं बघून झाली. मग गडमुडशिंगी. तिथं तर गेटच नव्हतं. मालक विहिरीवरून हात पुसत आला. “या पावणं, बसा की. हितं कसला नियम? हितं म्हसरंबी मोकळी फिरत्यात.”

घर सुरेख होतं. दोन खोल्या, कौलं, दारात पेरू. भाडं झेपण्यासारखं. मी मनातल्या मनात तिथं त्यांचं सामानसुद्धा लावलं. आणि इथं वस्तादांनी तो प्रकार केला, जो ते प्रत्येक घरात करत होते आणि ज्याचा मला संताप येत होता. ते आत गेले, खिडकीपाशी जमिनीवर मांडी घालून बसले, आणि मला म्हणाले, “पत्रकवाले, त्या खांबापतूर सायकलवर जा आणि माघारी ये. सावकाश. डोस्क्यावरचं काढून जा.”

गेले. आले.

“परत एकदा.”

परत गेले, परत आले. उन्हात, बिनहेल्मेटची, माझ्या तत्त्वांविरुद्ध. मालक पेरू खात बघत होता.

“दिसंना,” वस्ताद म्हणाले. “ऊस मधी येतोय.”

“आवं, उसाला तोड आली की दिसंल की,” मालक म्हणाला.

“आन् म्होरच्या लावणीला?”

झालं. नियम नाही, गेट नाही, वॉचमन नाही, अख्ख्या जिल्ह्यात सायकलवाल्यासाठी याहून मोकळं गाव सापडलं नसतं. आणि हा माणूस ते उसासाठी नाकारून निघाला! परतीच्या रस्त्यावर मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. तुम्हाला घर पाहिजे की देखावा? पावसाळा किती दिवसांवर आलाय कळतंय का? ते उजवा कान चोळत राहिले. गडी विचारात पडला की कान चोळतो, हे मला ठाऊक होतं. कशाच्या विचारात, ते ठाऊक नव्हतं.

आणि मग बावड्याचा फ्लॅट. पहिला मजला, रुंद गॅलरी, खाली आतला सिमेंटचा रस्ता थेट गेटपर्यंत. मध्ये झाड नाही, ऊस नाही. वस्ताद गॅलरीत पाटावर बसले. मी न सांगताच हेल्मेट काढलं, गेटपर्यंत गेले आणि वळले. गेटपासूनच मला त्यांचा चेहरा दिसत होता. दात दाखवून हसणारे वस्ताद मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

“ठरलं,” ते म्हणाले. “पाक गेटापासनं दिसतंय.”

गेटवर त्या वेळी पाटी नव्हती. मी स्वतः बघितलं होतं.

दोघं राहायला आली. मी दोन-तीनदा गेले. आक्का मला बघून दर वेळी विचारायच्या, “कुणाची गं तू?” आणि मी सांगायचे, “समोरच्या खोलीतली, आक्का.” त्या हसायच्या, मी हसायचे. मला ती आक्कांची थट्टा वाटायची. एक गोष्ट मात्र मला फार आवडायची. वस्ताद बाहेरून आले की चहा तयार असायचा. ते सायकल लावून जिना चढेपर्यंत आतून उकळीचा वास. संसार असावा तर असा, असं मी आमच्या गटातल्या पोरांना सांगत होते.

मग बी विंगमधली एक लहान मुलगी सायकलवरून पडली. उतारावर एक गतिरोधक आहे, सिमेंटच्या रंगाचा, त्यावर पट्टा नाही. ती तिथं उसळली आणि डोक्यावर पडली. दवाखान्यात ठेवावं लागलं. आता बरी आहे. पण चारच दिवसांत, नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी, गेटवर पाटी लागली: सायकलसह सर्व दुचाकीस्वारांना आवारात हेल्मेट सक्तीचे. गतिरोधकावर आजतागायत पट्टा नाही.

नागपंचमीला मी वस्तादांच्या मागूनच येत होते. आक्कांना नमस्कार करायचा आणि पुढं जायचं, असा बेत होता. गेटवर मारुती म्हणून वॉचमन आहे. लहानपणी दोन वर्षं तालमीत गेलेला. त्यानं वस्तादांना बघितलं, खाली वाकला, दोन्ही हातांनी पाय धरले. आणि तसाच वाकलेला असताना म्हणाला, “वस्ताद, हेल्मेट?”

“काय?”

“नवीन नियम हाय. नाईलाज हाय माझा.”

“पाया पडलास का पट काढलास रं?” वस्ताद म्हणाले. खाली वाकून समोरच्याचे पाय ओढायचे, या डावाला कुस्तीत पट म्हणतात. गेटवरची दोन-चार माणसं हसली. मारुतीही हसला, पण फाटक त्यानं उघडलं नाही.

“सायकल हातात धरून चालत जावा वस्ताद. चालत गेलेलं चालतंय.”

“ती काय म्हैस हाय, दावं धरून न्ह्यायला?”

पुन्हा हशा. मी तोवर पोचले होते. माझ्या डोक्यावर हेल्मेट. मारुतीनं मला सवयीनं सलाम ठोकून फाटक अर्धं उघडलं! मी तिथं राहत नाही. माझा तिथं काडीचा संबंध नाही. मला आत सोडत होते आणि ज्याचं घर आहे तो बाहेर. मी सायकल तिथंच आडवी घातली आणि भांडायला सुरुवात केली. आवाज ऐकून सेक्रेटरी घोरपडे साहेब आले. रिटायर्ड, इस्त्रीचा सदरा, बोलणं सावकाश.

“मॅडम, त्या मुलीचं रक्त मी या हातानं पुसलंय,” ते म्हणाले. “मला नियम शिकवू नका.”

खोटं बोलत नव्हते ते. पण मी काही मागं हटणारी नाही. मी म्हणाले, मग त्याच हातानं गतिरोधकावर पट्टा का मारला नाही? ते म्हणाले, तो विषय पुढच्या मीटिंगला आहे. मी म्हणाले, वस्तादांचा विषय कुठल्या मीटिंगला होता? आमची जुंपली.

आणि या सगळ्यात वस्ताद भांडत नव्हते. जिंदगीभर झोंबलेला माणूस, आणि त्या वेळी त्यांचं कुणाकडं लक्षच नव्हतं. ते सारखे मारुतीच्या खांद्यावरून वर बघत होते, आपल्या गॅलरीकडं. गॅलरी रिकामी होती.

“सोड रं मारुत्या. च्या उकळला आसंल.”

“वस्ताद, चहाचं काय एवढं, हितं मागवतो की.”

“सोड म्हणतोय न्हवं! च्या उतू जाईल!”

लोकांना हसू आवरेना. एवढा मोठा पैलवान आणि चहासाठी रडकुंडीला आला. मलाही, माझ्या लढ्याच्या ऐन रंगात, तो चहा जरा खटकला. आणि मग वस्तादांनी सायकल हातातून सोडून दिली. ती आडवी झाली, किटलीतलं दूध रस्त्यावर पसरलं, आणि सत्तरीला टेकलेले वस्ताद पळाले. धोतराचा सोगा हातात धरून, सगळ्या सोसायटीदेखत, जिन्यापर्यंत पळाले.

“बघा,” घोरपडे साहेब मला म्हणाले, “चालत जाता येतं. प्रश्न इच्छेचा आहे.”

त्यानंतर आठवडाभर वस्तादांनी मला वर येऊ दिलं नाही. खालीच भेटायचे. मी विचारलं, उपोषणाला बसू का? म्हणाले, “बस की. पातळ हुशील.” मी विचारलं, वर्तमानपत्रात देऊ का? तेव्हा मात्र एकदम कडक झाले. “एक शबूद लिवायचा न्हाई.”

सोसायटीनं मग कोल्हापुरी तोडगा काढला. सत्कार! आपल्याकडं माणूस ऐकेना झाला की त्याचा सत्कार करतात. पुढच्या रविवारी आवारात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, माईक. शाल, नारळ, आणि फेट्याच्या जागी नारिंगी हेल्मेट. वस्तादांनी ते घातलं की सोसायटीतली सगळी पोरं घालतील, असा हिशेब. हिशेब वाईट नव्हता. वाईट हे की वस्ताद हो म्हणाले.

“विकलात तुम्ही आम्हाला,” मी त्यांना तोंडावर म्हणाले.

“दुसरं घर बघून झालंय का तुझं?” ते म्हणाले. “कुठं दिसतंय गेटापासनं? सांग की.”

सत्काराच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं. “तू वर जा. गॅलरीत हिच्यापाशी थांब. काय म्हणाली तर हसू नगंस.”

मी वर गेले. आक्का पाटावर बसल्या होत्या. “कुणाची गं तू?” मी सांगितलं. खाली माईक खरखरला. ज्यांनी भल्याभल्यांची पाठ मातीला लावली ते आज सुरक्षिततेचा संदेश देत आहेत, वगैरे. टाळ्या झाल्या. घोरपडे साहेबांनी स्वतः पट्टा लावला. वरूनही दिसत होतं, उजवा कान पट्ट्याखाली चेंगरला होता आणि वस्तादांनी डोळे मिटले होते.

“एक फेरी होऊन जाऊ द्या वस्ताद!”

ते सायकलवर बसले आणि गेटापासून आमच्या दिशेनं निघाले. आक्का पुढं वाकल्या. गॅलरीची सळई त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

“सायकल आमची हाय,” त्या म्हणाल्या. “पर ह्यो कोण?”

मी काही बोलायच्या आत त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या त्या एवढ्याशा देहातून जो आवाज निघाला, तो मांडवाच्या पार गेला.

“चोर! चोर! धरा त्येला! आमचं मालक दूध आणाय गेल्यात आन् ह्यो मुडदा सायकल घिऊन निघालाय! आवं, धरा की कुणीतरी!”

खाली हसण्याची लाटच आली. पोरं उड्या मारू लागली. माईकवाल्यानंही ‘चोर आला, चोर आला’ करून घेतलं. वस्तादांनी ब्रेक दाबला. दोन्ही हातांनी ते पट्टा ओढत होते आणि तो निघत नव्हता. मारुती धावला, घोरपडे साहेब धावले. हेल्मेट निघालं तेव्हा कानाची कड सोलली होती.

ते जिना चढून आले. हेल्मेट नाही, सायकल नाही, दारात नुसता एक थोराड म्हातारा. आक्का भिंतीला टेकल्या. त्यांच्या हातात चहाचं रिकामं पातेलं होतं आणि ते त्यांनी मारायला उचललं होतं.

“जवळ येऊ नगंस! मालक येतील आत्ता! पैलवान हाईत आमचं मालक!”

आखाड्यात उतरताना पैलवान मातीला वाकतो, तसे वस्ताद वाकले. मान वळवली आणि उजवा कान आक्कांच्या समोर धरला. पातेलं तसंच वर होतं. मग आक्कांचा पातेल्याशिवायचा हात पुढं आला. बोटं कानावरून फिरली, वळणावळणानं, घरातल्या घरात अंधारात चालावं तशी.

“आगंबया,” त्या म्हणाल्या. “काल शेकलं न्हाईसा व्हय? किती सुजलाय! थांबा, मीठ तापवते.”

“तापव.”

“आन् त्यो चोर?”

“पळाला.”

खालून घोरपडे साहेबांनी हाक मारली, “वस्ताद, आक्कांना चष्मा लागलाय काय?” वस्ताद गॅलरीत गेले आणि ओरडले, “व्हय, लंबर बदलाय पायजे!” खाली सगळ्यांचं समाधान झालं. सोसायटीत आजही लोक आक्कांच्या चष्म्याची गोष्ट हसत सांगतात.

आक्का मिठाचं पुरचुंडं घेऊन कान शेकत बसल्या. वस्ताद माझ्याकडं न बघता सांगत होते. “दोन वर्सं झाली. तोंड वळकत न्हाई. आवाज कवा वळकती, कवा न्हाई. पर सायकलवर उघडं डोस्कं आन् हे कान लांबनं दिसलं, की उठती आन् आधण ठेवती. बाकी सगळं गेलं, तेवढं ऱ्हायलंय. लग्नापासनं हीच शेकत आली कान. बोटास्नी ठावं हाय.”

नागपंचमीला आक्कांनी त्यांना गेटवर बघितलं आणि चहा टाकायला आत गेल्या. म्हणून गॅलरी रिकामी होती. आम्ही गेटवर पट्ट्यावरून आणि मीटिंगवरून भांडत होतो तेव्हा वर चहा उतू जाऊन गॅस विझला होता, आणि आक्का त्या वासात उभ्या राहून काडेपेटी शोधत होत्या. वस्ताद पोचले तेव्हा पेटी सापडली होती.

मी त्यांना म्हणाले, कमिटीला हे सांगा, उद्याच्या उद्या सवलत मिळेल. ते म्हणाले, “सवलत दिली की लोक बघाय येत्यात. पोरं ‘यडी आक्का’ म्हणतील. आजून ही बाई च्या ठिवून माझी वाट बघती. तिला कुणी सवलत म्हणून बघू ने.” मी त्या दिवशी पत्रक लिहिलं नाही.

सध्या असं चाललंय. वस्ताद दूध घेऊन गेटवर आले, की मारुती पाठ फिरवून जास्वंदीला पाणी घालतो. जास्वंद कुजायला आलीय. पण गेटवर कॅमेरा आहे, घोरपडे साहेबांनी मारुतीला तंबी दिली आहे, आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी सर्वसाधारण सभेत हा नियम कायमचा होणार आहे. झाला, तर वस्ताद पुन्हा घर शोधायला निघतील. पुन्हा खिडकीत मांडी घालून बसतील आणि मी पुन्हा खांबापर्यंत जाऊन येईन. आणि नव्या घरात आक्कांना नवा रस्ता शिकायचा आहे. या खेपेला तो त्यांना येईलच असं नाही.

परवा वस्तादच मला म्हणाले, “लिव. सवलत नगं, नियमच जाऊ दे. दारोदार सांगण्यापरीस एकदाच छापून येऊ दे. पर तिचं नाव घालायचं न्हाई. कान घाल. आन् रडकं लिवू नगंस.”

लिहिलं. नाव घातलेलं नाही.

आता तुमच्याशी बोलते. तुम्ही त्या सोसायटीचे सभासद असाल, तर सभेला जा आणि सायकलच्या नियमाविरुद्ध हात वर करा. गतिरोधकाचा पट्टा आमचा गट त्याच सकाळी येऊन मारून देईल, रंगासकट. सभासद नसाल, तर आज घरी जाताना आपल्या गेटवरची पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ती कुणाला बाहेर उभं करते ते वॉचमनला विचारा. त्याला नाव माहीत असतं. मग ती ओळ पुसा.

वर चहा टाकलेला आहे. माणसाला आत सोडा.